रेल्वेच्या ताळेबंदात आपला रकाना कुठे?



गेल्या पौर्णिमेला विहारात वंदना आटोपली आणि खीरदान सुरू झाले, तेव्हा आमच्या वस्तीतील एक काका माझ्याजवळ येऊन बसले. काका रेल्वेत गँगमन होते. बत्तीस वर्षे रुळांवर पहार आणि फावडे चालवून निवृत्त झाले. त्यांनी खिशातून मुलाचे बँकेचे पासबुक काढले आणि म्हणाले, "भाऊ, तुम्ही कॉमर्सवाले. जरा हे बघून सांगा."

मी पाहिले. मुलगा स्टेशनातील गाड्यांचे डबे धुण्याच्या कामावर आहे, पण ठेकेदाराकडे. एका महिन्यात सव्वीस हजेऱ्या आणि पैसे अठरा दिवसांचे. पुढच्या महिन्यात पगारच नाही. त्याच्या पुढच्या महिन्यात अर्धा. पी.एफ. कापतो असे ठेकेदार तोंडी सांगतो, पण त्याची चिठ्ठी नाही, नंबर नाही.

काका म्हणाले, "भाऊ, मी सातवी पास. पण महिना भरला की पगार यायचा. क्वार्टर होतं, पास होता, बायको आजारी पडली तर रेल्वेचा दवाखाना होता. आज पेन्शन आहे. पोरगा बारावी झाला, कॉम्प्युटर शिकला. तोही रेल्वेतच काम करतो, पण रेल्वेचा माणूस नाही. रेल्वे सुधारली म्हणतात. मग माझ्या घरात हे उलटं कसं झालं?"

त्या वेळी मी काकांना पी.एफ.च्या नंबराविषयी दोन गोष्टी सांगितल्या. पण त्यांचा खरा प्रश्न पासबुकाचा नव्हता. तो प्रश्न घेऊनच या वेळचा लेख लिहितो आहे.

मनमाडची परिषद

रेल्वे आणि आपला समाज यांचे नाते जुने आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली. पुढे जी.आय.पी. रेल्वेचे रूळ घाट चढून भुसावळ, नागपूरकडे गेले, तेव्हा माती वाहणारे, खडी फोडणारे हात गोरगरिबांचे होते. त्यात आपले पूर्वजही होते. गावकीच्या कामातून सुटून रोख मजुरी मिळण्याची जी थोडी ठिकाणे होती, त्यात गिरणी, गोदी, पलटण आणि रेल्वे होती.

पण रेल्वेतही जात होतीच. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाड येथे जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी परमपूज्य बाबासाहेब होते. त्यांनी तिथे कामगारांसमोर त्यांचीच स्थिती मांडली. अस्पृश्य माणूस रेल्वेत आला की जन्मभर गँगमनच राहतो. त्याला साधा पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचे काम करावे लागते आणि तिथे विटाळ आडवा येतो. कारकुनीत त्याला जागा नाही. कारखान्यात तो खलाशी म्हणून राबतो, पण मेकॅनिक किंवा फोरमन होत नाही. याच परिषदेत बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे एका जातीची माणसे नव्हेत, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, असा खुलासाही त्यांनी तिथेच केला.

वाचकहो, हे दोन शत्रू एकत्र का सांगितले, याचा विचार आपण फार कमी करतो. रेल्वेच्या सुधारणेचा विचार करताना तो करावा लागेल.

मनमाडनंतर पाच वर्षांनी, १९४३ साली, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवण्याचा हुकूम निघाला. पुढे हे प्रमाण वाढत जाऊन १९७० साली १५ टक्के झाले. बढतीतील आरक्षणाची लढाईही रेल्वेतच लढली गेली. दक्षिण रेल्वेचे रंगाचारी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६१ साली बढतीतील आरक्षण घटनेला धरून आहे असा निकाल लागला. १९८० साली शोषित कर्मचारी संघाच्या प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या खंडपीठाने रेल्वे बोर्डाची आरक्षणाची परिपत्रके उचलून धरली. गँगमनचा मुलगा तिकीट तपासनीस झाला, खलाशाची मुलगी लेखा विभागात गेली, ती या हुकुमांच्या आणि निकालांच्या जोरावर. आज आपल्या समाजात जी डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक मंडळी दिसतात, त्यांपैकी कितीतरी जणांचे बालपण रेल्वेच्या चाळीत गेले आहे. एका कायम नोकरीवर तीन पिढ्या उभ्या राहिल्या.

सुधारणा कशाकशाची?

आता रेल्वेच्या सुधारणेकडे वळू. रेल्वे सुधारू नये असे कोणीही शहाणा माणूस म्हणणार नाही. जनरल डब्यात संडासाच्या दाराशी बसून सहा डिसेंबरला दादरला आलेल्या माणसाला सुधारणेची गरज समजावून सांगावी लागत नाही. प्रश्न आहे तो सुधारणा कोणती, आणि तिचा भार कोणी उचलायचा, हा.

इंग्रजांच्या काळात ॲकवर्थ समितीने शिफारस केल्यावर १९२४ साली रेल्वेचा हिशेब सरकारच्या सर्वसाधारण हिशेबापासून वेगळा झाला. तेव्हापासून रेल्वेचा स्वतंत्र अर्थसंकल्प मांडला जात असे. ही प्रथा २०१६ पर्यंत चालली आणि २०१७ पासून तो मुख्य अर्थसंकल्पात मिसळला गेला. १९९१ साली नवे आर्थिक धोरण आले. त्यानंतर रेल्वेवर समित्या बसत राहिल्या. २००१ साली राकेश मोहन यांच्या गटाने रेल्वेचा कारभार कंपनीसारखा करण्याची शिफारस केली. २०१२ साली अनिल काकोडकर समितीने सुरक्षिततेवर अहवाल दिला. २०१५ साली बिबेक देबरॉय समितीने सांगितले की हिशेब व्यापारी पद्धतीने ठेवा, दवाखाने आणि शाळा चालवणे हे रेल्वेचे मुख्य काम नव्हे, आणि गाड्या चालवण्यात खाजगी कंपन्यांनाही येऊ द्या.

डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने रेल्वे बोर्ड लहान केले. अधिकाऱ्यांच्या आठ वेगवेगळ्या सेवा मोडून एकच सेवा करण्याचे ठरले. सिव्हिल, इलेक्ट्रिकल, मेकॅनिकल अशा खात्यांची आपसातील भांडणे संपावीत हा हेतू होता आणि तो वाईट नव्हता. पण इंजिनिअर मिळेनात, तेव्हा २०२४ साली पुन्हा इंजिनिअरिंगच्या वेगळ्या परीक्षेकडे वळावे लागले. २०२० साली १०९ मार्गांवर १५१ खाजगी गाड्या चालवण्यासाठी कंपन्यांना बोलावले. पुढच्या वर्षी निविदा उघडल्या, तेव्हा त्या फारशा कोणी भरल्याच नव्हत्या आणि योजना बारगळली. यावरून इतके कळते की मोठ्या साहेबांच्या सुधारणा चुकल्या तर त्या परत फिरवता येतात. खालच्या माणसाची गेलेली जागा मात्र परत येत नाही.

तिकिटावरचा हिशेब

२०१६ पासून रेल्वेच्या तिकिटावर एक ओळ छापून येऊ लागली. प्रवासाला येणाऱ्या खर्चापैकी सरासरी ५७ टक्केच रक्कम रेल्वे वसूल करते, अशा अर्थाची ती ओळ होती. वाचणाऱ्या गरीब माणसाला वाटते की आपण सरकारच्या पैशावर फुकट फिरतो आहोत. मी बी.कॉम. झालो आणि पंचवीस वर्षे हिशेबाच्या वह्यांवर काम केले, म्हणून या ओळीकडे थोडे वेगळ्या नजरेने पाहतो.

रेल्वेच्या हिशेबात एक शब्द येतो, संचालन गुणोत्तर. शंभर रुपये मिळवायला किती रुपये खर्च झाले, एवढाच त्याचा अर्थ. २०१७-१८ साली हा आकडा ९८.४४ होता आणि दहा वर्षांत इतकी वाईट स्थिती नव्हती असे महालेखापरीक्षकांनी म्हटले. २०२३-२४ साली तो ९८.४३ होता. म्हणजे शंभर रुपये आले तर दीड रुपयाच्या आसपास शिल्लक. कोळसा, सिमेंट, लोखंड, धान्य यांच्या मालगाड्यांतून पैसा मिळतो आणि प्रवासी गाड्यांवर तो जातो. निवृत्तांच्या पेन्शनवर वर्षाला साठ हजार कोटींच्या वर खर्च होतो. हे आकडे खरे आहेत आणि ते नाकारून आपला फायदा नाही.

पण हिशेब लिहिणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते. वहीत जे लिहिले त्याचीच बेरीज होते. मजूर स्वस्तात शहरात पोचतो म्हणून बांधकाम चालते, पोरगी पास काढून कॉलेजला जाते, आजारी माणूस खेड्यातून मोठ्या दवाखान्यात येतो. हा फायदा देशाला होतो, पण रेल्वेच्या वहीत त्याला रकाना नाही. उलट २०२० च्या मार्चमध्ये ज्येष्ठ नागरिकांची तिकिटातील सवलत बंद केली, ती करोना संपल्यावरही सुरू झाली नाही. पूर्वी साठ वर्षांच्या पुरुषाला ४० टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांच्या स्त्रीला ५० टक्के सवलत मिळे. दीक्षाभूमीला जाणाऱ्या आपल्या आजीने ते पैसे पदरच्या गाठीतून भरले. वहीत ती 'बचत' झाली.

पैसाच नाही असेही म्हणता येणार नाही. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात रेल्वेच्या भांडवली कामांसाठी केंद्राने सुमारे २ लाख ५२ हजार कोटी रुपये ठेवले. नव्या गाड्या, नवी स्टेशने, विजेच्या तारा यांवर ते खर्च होतात. २०१७-१८ पासून सुरक्षिततेसाठी पाच वर्षांत एक लाख कोटींचा खास निधी उभारायचे ठरले. महालेखापरीक्षकांनी २०२२ च्या अहवालात या निधीचा हिशेब तपासला, तेव्हा त्यातून पायाला मालिश करण्याची यंत्रे, काचसामान, फर्निचर अशा वस्तू घेतल्याचे आढळले. आमच्यासारख्या कारकुनाने शंभर रुपयांचे व्हाउचर चुकीच्या खात्यात टाकले तर मेमो मिळतो!

ठेक्याला आरक्षण नाही

आता काकांच्या प्रश्नाकडे येतो. १९९०-९१ च्या सुमारास रेल्वेत सुमारे साडेसोळा लाख कर्मचारी होते. अलीकडे हा आकडा बारा लाखांच्या आसपास आला आहे. या काळात गाड्या वाढल्या, प्रवास वाढला, माल वाढला. काम कमी झाले नाही. काही ठिकाणी यंत्रे आली, त्यामुळे माणसे कमी लागली, हे मान्य. पण डबे धुणे, फलाट झाडणे, चादरी धुणे, जेवण देणे, रुळांची किरकोळ कामे ही कुठे गेली? ती ठेक्याने गेली.

हिशेबाच्या वहीत हे कसे दिसते ते पाहा. कायम कामगाराची जागा रद्द झाली की पगाराच्या खात्यातील रक्कम कमी होते. ठेकेदाराच्या बिलाचे खाते वाढते, पण तितके नाही. वरची रक्कम 'बचत' म्हणून दाखवतात. ही बचत आली कुठून? ती काकांच्या मुलाच्या आठ बुडालेल्या हजेऱ्यांतून आली. न मिळालेल्या रजेतून, न मिळालेल्या पासातून, न मिळालेल्या दवाखान्यातून आली. सरकारने वाचवलेला रुपया कामगाराच्या घरातून गेलेला असतो.

आणि आपल्यासाठी याहून मोठी गोष्ट आहे. आरक्षण 'पदाला' असते. पद मंजूर असेल, तर बिंदुनामावलीत त्याला क्रमांक मिळतो आणि कितवी जागा कोणाची हे ठरते. ठेका म्हणजे पद नव्हे. ठेक्याला बिंदुनामावली नाही, अनुशेष नाही, बढती नाही. आरक्षण रद्द करण्यासाठी संसदेत कायदा करावा लागला, तर देशभर आगडोंब उसळेल. पण पद रद्द करायला कागदाचा एक तुकडा पुरतो. कोणाला काही कळतही नाही.

गंमत पाहा, ठेक्यात आरक्षण नसतानाही झाडू आणि घाण यांच्या कामावर कोण दिसतो? तिथे न मागता आपलीच भरती होते. मनमाडला सांगितलेले दोन शत्रू इथे हातात हात घालून उभे आहेत. एक म्हणतो, मजुरी स्वस्त हवी. दुसरा म्हणतो, हे काम याच लोकांचे.

कायम जागांची स्थितीही सांगतो. २०२३ साली सरकारने राज्यसभेत गट 'क' मध्ये अडीच लाखांच्या आसपास जागा रिकाम्या असल्याचे सांगितले. २०१९ साली सर्वांत खालच्या, म्हणजे लेव्हल १ च्या १,०३,७६९ जागांची जाहिरात निघाली. एक कोटीहून अधिक अर्ज आले आणि परीक्षा झाली २०२२ साली. अर्ज भरताना वीस वर्षांचा असलेला मुलगा परीक्षेला बसला तेव्हा तेवीसचा झाला होता. पुढची जाहिरात २०२५ च्या जानेवारीत आली, ती ३२,४३८ जागांची.

रिकामी जागा ही केवळ बेकाराची अडचण नसते. काकोडकर समितीने नोंदवले होते की २००७ ते २०११ या चार वर्षांत रेल्वेचे दीड हजारांवर कर्मचारी कामावर असताना मेले. त्यात रुळांवर काम करणाऱ्या माणसांकडे पाहा. गँगमध्ये माणसे कमी, गाड्या जास्त, वेग जास्त. शिट्टी वाजवून सावध करायला वेगळा माणूस उरत नाही. काकांच्या गँगमधील दोघे असेच गेले.

इंग्लंड आणि जपान

दुसऱ्या देशांनी हे करून पाहिले आहे. त्यांचा अनुभव आपण का घेऊ नये?

इंग्लंडने १९९३ साली कायदा करून सरकारी रेल्वेचे तुकडे केले. रूळ एका कंपनीकडे, गाड्या सुमारे पंचवीस कंपन्यांकडे, रुळांची दुरुस्ती ठेकेदारांकडे. १७ ऑक्टोबर २००० रोजी हॅटफील्ड येथे धावत्या गाडीखाली रूळ तुटला आणि चार प्रवासी ठार झाले. त्या रुळाला तडे गेल्याचे आधीच माहीत होते. बदलण्यासाठी नवा रूळ आणून ठेवलाही होता, पण तो बसवला गेला नव्हता. रूळ ज्याच्या मालकीचा तो वेगळा आणि दुरुस्ती करणारा वेगळा, मग जबाबदार कोण? वर्षभरात ती रूळ कंपनी बुडाली आणि २००२ साली रूळ नफा न वाटणाऱ्या संस्थेकडे आले. २०२४ साली तिथल्या संसदेने प्रवासी गाड्याही सरकारकडे परत घेण्याचा कायदा केला आणि मे २०२५ पासून कंपन्या एकेक करून परत येऊ लागल्या. तीस वर्षांचा वळसा घालून ते जिथून निघाले तिथेच चालले आहेत.

जपानने १ एप्रिल १९८७ रोजी आपली राष्ट्रीय रेल्वे मोडून प्रवासी वाहतुकीच्या सहा आणि मालवाहतुकीची एक अशा सात कंपन्या केल्या. जुन्या रेल्वेवर सुमारे ३७ लाख कोटी येन कर्ज होते. मोठ्या शहरांतील कंपन्या पुढे नफ्यात आल्या, गाड्या वक्तशीर धावल्या, हे खरे आहे. पण कर्जाचा मोठा भाग, सुमारे २४ लाख कोटी येन, १९९८ साली सरकारी तिजोरीवर, म्हणजे जनतेवर पडला. आणि नव्या कंपन्यांनी न घेतल्याने शेवटी काढून टाकलेले १,०४७ कामगार, मुख्यतः लढाऊ युनियनचे सभासद, न्यायासाठी भांडत राहिले. तडजोड झाली २०१० साली. तोवर तेवीस वर्षे लोटली होती आणि कित्येकजण वारले होते.

यातून मी असा निष्कर्ष काढत नाही की सरकारी तेवढे चांगले आणि खाजगी तेवढे वाईट. सरकारी रेल्वेनेच आपल्या माणसाला पोर्टर होऊ दिले नव्हते. निष्कर्ष एवढाच की सुधारणेची सुरुवात रूळ सांभाळणाऱ्या माणसाला काढून केली, तर शेवटी तिची किंमत प्रवाशाला मोजावी लागते.

चांगले ते चांगले म्हणावे

भगवान बुद्धांनी सांगितले आहे की ऐकले म्हणून मानू नका, तपासून पाहा. तेव्हा रेल्वेत जे चांगले झाले तेही सांगितले पाहिजे.

रेल्वेच्या डब्यांतील संडास पूर्वी थेट रुळांवर उघडत. स्टेशनातील ती घाण हाताने काढायला कोण उतरत असे, हे आपल्याला सांगायला नको. २०१३ साली हाताने मैला साफ करण्यावर बंदी आणणारा नवा कायदा झाला. २७ मार्च २०१४ रोजी सफाई कर्मचारी आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेला ही प्रथा संपवण्याचा कालबद्ध कार्यक्रम आखायला सांगितले. त्यानंतर डब्यांना जैविक टाक्यांचे संडास बसवण्याच्या कामाला वेग आला आणि काही वर्षांत ते जवळजवळ सर्व डब्यांना बसले. ही खरी सुधारणा! वंदे भारत गाडीचे फोटो सगळ्यांनी काढले. पण माझ्या मते रेल्वेने केलेली सर्वांत मोठी गोष्ट त्या डब्याखालच्या टाकीत आहे. ती आपोआप झाली नाही. आपली माणसे कोर्टात गेली म्हणून झाली. ब्रॉडगेजवरील माणूस नसलेली फाटके जानेवारी २०१९ पर्यंत बंद केली, हेही चांगले काम.

आणखी एक गोष्ट सांगतो, ती काही वाचकांना आवडणार नाही. २००४ साली रेल्वेत एक योजना आली आणि २०१० साली ती आणखी सैल केली गेली. गँगमन, ड्रायव्हर यांनी लवकर निवृत्ती घेतली, तर त्यांच्या मुलाला नोकरी मिळे. २०१६ साली पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने ती समान संधीच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली आणि पुढे ती बंद झाली. आपल्यातील अनेकांना दुःख झाले. मलाही झाले. घरातला चुलीचा प्रश्न होता. पण थोडा विचार करा. गँगमनचा मुलगा गँगमन, ही वंशपरंपरेची पद्धत मोडायलाच तर बाबासाहेब मनमाडला आले होते. गँगमनच्या मुलाने इंजिनिअर म्हणून त्याच रुळावर यावे, हे त्यांचे स्वप्न. त्यासाठी परीक्षा हवी, पदे हवीत आणि बिंदुनामावली हवी.

आपण काय करावे?

नुसती तक्रार करून लेख संपवणे मला पटत नाही. म्हणून काही कामे सुचवतो.

पहिले काम आईबहिणींचे. घरातला मुलगा ठेक्यावर असेल, तर त्याच्या हजेरीची तारीखवार वही घरी ठेवा. रोज रात्री फक्त एक खूण. पगारचिठ्ठी, ओळखपत्र, बँकेचे पासबुक एका पिशवीत राहू द्या. पी.एफ.चा बारा आकडी नंबर ठेकेदाराकडून मागून घ्या आणि पैसे जमा होतात का ते मोबाइलवर पाहा.

दुसरे, ठेकेदाराने मजुरी बुडवली, तर मूळ मालक म्हणून रेल्वेवरही जबाबदारी येते. रेल्वे ही केंद्राची, म्हणून किमान वेतन केंद्राच्या दराने लागते आणि तक्रार केंद्राच्या कामगार आयुक्ताकडे करायची असते. ठेकेदाराने मजुरी दिल्याची नोंद करण्यासाठी रेल्वेने २०१८ साली 'श्रमिक कल्याण' पोर्टल सुरू केले. तिथे आपल्या नावापुढे काय लिहिले आहे ते पाहा. एकट्याने तक्रार करू नका, दहाजणांनी सह्या करून करा. एकट्याला उद्या कामावरून काढतील.

तिसरे, परीक्षेची तयारी. लेव्हल १ च्या परीक्षेत आपल्या मुलांना २५० रुपये शुल्क असते आणि परीक्षेला बसल्यावर ते बँक खात्यात परत मिळते. परीक्षेच्या गावी जायला अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना रेल्वेचा मोफत पासही मिळतो. कित्येक मुलांना हे ठाऊक नाही. संध्याकाळी दोन तास विहार अभ्यासिकेसाठी उघडा ठेवता येणार नाही का? निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांनी तिथे येऊन गणित आणि सामान्य ज्ञान शिकवावे.

चौथे, कायम नोकरीत असलेल्यांना. २००७, २०१३ आणि २०२४ साली रेल्वेत गुप्त मतदानाने युनियनच्या मान्यतेच्या निवडणुका झाल्या. मत देण्याआधी उमेदवाराला विचारा की ठेका कामगाराला तुमच्या युनियनमध्ये जागा आहे का? आणि आपल्या खात्याची बिंदुनामावली माहितीच्या अधिकारात मागून वाचा. किती पदे रद्द झाली, त्यात राखीव किती, हा तक्ता प्रत्येक विभागात आपल्या माणसाच्या हाती असला पाहिजे. तुम्ही पक्क्या क्वार्टरमध्ये आहात म्हणून शेजारच्या झोपडीतील ठेका कामगाराकडे पाठ फिरवू नका. तो तुमचाच पुतण्या आहे.

पाचवे, आपल्या खासदारांना आणि नेत्यांना. पुतळे आणि नामांतर यांवर आपण त्यांना प्रश्न विचारतो, ते विचारावेतच. आता आणखी एक प्रश्न विचारा. सरकारी कामाच्या ठेक्यात आरक्षण आणि कायम कामगाराइतके वेतन का नको?

रेल्वेच्या ताळेबंदात जमा-खर्च, मालमत्ता, कर्ज असे सगळे रकाने आहेत. काकांनी बत्तीस वर्षे ज्या रुळावर घाम गाळला, तो रूळ मालमत्तेच्या बाजूला आहे. काका आणि त्यांचा मुलगा मात्र फक्त खर्चाच्या बाजूला दिसतात. हिशेब लिहिणाराची ही नजर बदलेपर्यंत सुधारणा पुरी झाली असे मी म्हणणार नाही.

पुढच्या पौर्णिमेला मी काकांना हा लेख वाचून दाखवणार आहे. त्यांच्या मुलाने सोबतच्या नऊजणांच्या सह्या गोळा केल्या आहेत. अर्ज लिहून देण्याचे काम माझ्याकडे आहे. आपल्या वस्तीतही असा एखादा अर्ज लिहायचा राहिला असेल, तर या रविवारी विहारात बसून लिहा.

जयभीम! जय भारत!